चार अक्षरांचा आठ

कॉलेजात नाच शिकवायला मी लागले, तेव्हा मला वर्ग मिळाला तो जिमखान्याच्या मागचा. वर्ग कसला, पत्र्याची खोली ती! आधी तिथे गॅदरिंगचे पडदे, मोडकी बाकं आणि हवा गेलेले व्हॉलीबॉल ठेवायचे. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, आणि सोलापूरचं ऊन. मार्चपासूनच फरशी अशी तापायची की मुली अनवाणी पाय टेकवताना 'अगं बाई' म्हणूनच टेकवायच्या. मी वर्गाआधी दोन बादल्या पाणी ओतून घ्यायचे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. फरशीवर पाणी ओतणारी बाई म्हणून सुरुवातीला मी कॉलेजात जरा बदनामच झाले.

मी सोलापूरचीच. सात-आठ वर्षं पुण्याला राहून कथक शिकले, परीक्षा दिल्या आणि परत आले. आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात त्याच सुमारास आलं की मुलींचं कॉलेज आहे, तर बी. ए.ला नृत्य हा विषय का असू नये? विद्यापीठानं दोन वर्षांपुरती तात्पुरती मान्यता दिली. तिसऱ्या वर्षाच्या आत समिती येऊन बघणार आणि मग काय ते ठरवणार, असं पत्र आलं. प्राचार्यांनी फळ्यावर 'नृत्य विभाग' असं लिहून घेतलं. गावात मात्र सगळे मला 'नाचाच्या बाई' म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे. नाच तो नाच, त्यात लाजायचं काय?

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. राग नाकावर. घरात, बाजारात, वर्गात, कुठेही. एकदा पाय चुकला तर मी सांगायचे, दुसऱ्यांदा चुकला तर आवाज चढायचा, तिसऱ्यांदा चुकला तर पत्रे हलायचे. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं होतं, म्हणून मला वाटायचं शिकवणं म्हणजे हेच.

पहिल्या वर्षी आठ मुली आल्या. एक वेळापूरकडच्या शेतकऱ्याची. उंच, दणकट, तोंडाळ, वसतिगृहात राहणारी. दोघी अक्कलकोट बाजूच्या व्यापाऱ्यांच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. तिघी भवानी पेठेतल्या, ज्यांच्या घरी पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. त्या आपसात तेलुगू बोलायच्या. उरलेल्या दोघी रेल्वे क्वार्टर्समधल्या. आणि या आठ जणींना मी पहिल्या दिवशी सांगितलं, "नाचाचे बोल नंतर. आधी आकडे. मनात मोजा. पाय आकड्यावर पडला पाहिजे." मुलींनी माना डोलावल्या आणि मोजायला लागल्या. कुणी कुठल्या भाषेत मोजायचं हे मी सांगितलं नाही. ते सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

आता तबलजीचं. कथकचा वर्ग तबल्याशिवाय चालत नाही. प्राचार्यांकडे गेले तर ते हात वर करून बसले.

"सरकारच्या यादीत 'तबलावादक' अशी जागाच नाही हो बाई! शिपाई आहे, माळी आहे, ग्रंथालय परिचर आहे, प्रयोगशाळा परिचर आहे. तबला कुठे बसवू मी?"

"प्रयोगशाळेत बसवा!" मी रागानं म्हणाले आणि उठून आले.

मी टोमणा मारला होता. पण प्राचार्य मुरलेले गृहस्थ. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "चांगली सूचना केलीत तुम्ही. भूगोलाच्या प्रयोगशाळेत एक परिचराची जागा रिकामी आहे. तिथे मस्टरवर सही करायची आणि तुमच्याकडे वाजवायचं. माणूस शोधा."

माणूस मी आधीच हेरून ठेवला होता. गणपतीत एका मंडळाच्या गायन स्पर्धेत ऐकला होता. मुस्लिम गृहस्थ, पंचेचाळिशीच्या पुढचे, थेट गिरणीतून आलेले. केसांना, भुवयांना कापसाची पिंज चिकटलेली. लहानपणी फिरत्या नाटक कंपनीत वाजवायचे, पुढे कंपनी मोडली आणि गिरणीत साच्यावर लागले. म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर. त्या स्पर्धेत एक बिचारी मुलगी गाता गाता ताल सोडून भलतीकडेच निघाली होती, आणि या माणसानं तिला न दाखवता, न दटावता, दोन फेऱ्यांत परत समेवर आणून बसवलं. सभागृहात कुणाला कळलंसुद्धा नाही. मला कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

भूगोलाची जागा न घेता, गिरणी सांभाळूनच, ते पाळी संपली की वर्गावर यायला लागले. मुली त्यांना चाचा म्हणायच्या, म्हणून मीही. त्यांची बोली आमच्या सोलापूरची दखनी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर चिडले. बोलायला लागले की हा माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे!

"चाचा, माझ्या तोंडाकडे काय बघता सारखं?"

ते ओशाळले. "माफ करो बाई, आदत है. साचाखाते में हजार साचे एकदम चलते. आवाज सुनता कौन? वहाँ सब बात होट पे चलती. एक कान तो गयाच मेरा. मैं होट पढता."

तबलजी आणि एका कानानं बहिरा! मी कपाळाला हात लावला. पण पुढे त्यांचा ठेका ऐकला आणि तक्रार मागे घेतली. ज्या कानात यंत्रांनी इतकी वर्षं धुमाकूळ घातला, त्या माणसाची लय कणभर हलत नव्हती.

गिरणीत ते अठरा वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम मिळायचं. आता कुठे कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचा नंबर लागत आला होता. अशात त्यांची पाळी बदलली आणि चार दिवस वर्गात तबला नव्हता. पाचव्या दिवशी ते आले, तशी मी तडकले.

"एक काय ते धड करा चाचा! ही गिरणी सोडा नाहीतर हा तबला सोडा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी एकच शब्द विचारला, "कायम?"

"होईल की! न व्हायला काय झालं? माझी जबाबदारी," मी म्हणाले. माझी कसली जबाबदारी? मीच तात्पुरती होते. पण तोंडातून शब्द गेला तो गेला. पुढच्या सोमवारी या माणसानं अठरा वर्षांची गिरणी सोडली आणि भूगोलाच्या प्रयोगशाळेत मस्टरवर सही केली. घरी बायको, चार लेकरं, म्हातारी आई. हे सगळं मला नंतर कळलं.

वर्ग मात्र सुरेख चालायला लागला. एकीचाच घोळ होता. भवानी पेठेतल्या तिघींमधली सगळ्यात बारीक, सगळ्यात हुशार, अंग पाण्यासारखं वळणारी. संथ लयीत तिच्याकडे बघत राहावं. पण लय दुप्पट केली की आठव्या मात्रेवर ती हमखास रेंगाळायची, आणि ते भरून काढायला पुढच्या एकवर धावत यायची. एकदा नाही, दोनदा नाही, दर आवर्तनाला. सातपर्यंत सोनं, आठला माती. मी समजावलं, ओरडले, तिचा पाय हातानं धरून फरशीवर आपटला.

"आठव्याला झोपतेस का गं? आठच्या नावानं काय नवस केलायस?"

ती मुलगी उलट बोलायची नाही. मान खाली घालायची आणि पुन्हा सुरू करायची. घरी जाऊन ती दोन दोन तास तेच घोटायची, असं तिच्या मैत्रिणी सांगायच्या. जितकं घोटावं तितकी चूक पक्की होत होती. शेवटी एक दिवस मी म्हणाले, "तुला हे जमणार नाही. अर्थशास्त्र घे." ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. वेळापूरची धीट पोरगी पुढे आली, "बाई, लई बोलताय तुमी तिला." मी तिलाही झापलं.

चाचांनी तबल्यावरचा हात उचलला. "बाई, जरा सुनो. छोकरी आठ कैसा बोलती, पूछो ना."

"कसा म्हणजे? आठ म्हणजे आठ!"

"नको बाई. पूछो."

मी विचारलं. ती मुसमुसत म्हणाली, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि."

"देखा?" चाचा म्हणाले. "मैं कब से उसका होट देखता हूँ. तुम्हारा आठ एक फटका. कानडीवालियों का एंटु, दो. इसका आठ चार टुकडे का. ए-नि-मि-दि. इसके साथवाली दोनों आधा निगल जाती, ये पूरा बोलती. धीमा में मावता, दुगुन में कैसा मावेगा?"

सहा महिने! सहा महिने मी त्या पोरीला पायावरून बोलत होते आणि चूक होती तिच्या आकड्यात. तिच्या आईनं पाळण्यात शिकवलेल्या आकड्यात. पुण्यात शिकलेल्या मला ते दिसलं नाही, आणि गिरणीतल्या एका कानाच्या माणसाला दिसलं. माझी अक्कल मी त्या दिवशी मनातल्या मनात फार काढली.

मग मी आपली शहाणी, म्हणाले, "मराठीत मोज." तिनं मोजून पाहिलं आणि होतं तेही बिघडलं. आता ती आधी तेलुगूत मोजायची, मग त्याचं मराठी करायची, आणि तोवर मात्रा निघून जायची. चाचा हसले. त्यांनी तिला समोर बसवलं. म्हणाले, "आकडा नको बदल बेटी. बस, जल्दी चालू कर. एडु छोटा है ना? उसको आधे में काट, और वहींच से एनिमिदि पकड. 'दि' आठ पे गिरना चाहिए. बाकी तीन टुकडे रस्ते में."

आणि ते स्वतः वाजवता वाजवता तिच्याबरोबर ओठ हलवायला लागले. ओकटि, रेंडु, मूडु. तिनं त्यांच्या ओठांवर नजर ठेवली. तिसऱ्या आवर्तनाला 'दि' बरोबर आठवर पडला, आणि पुढचा एक असा स्वच्छ आला की आठही मुलींनी टाळ्या वाजवल्या. पोरगी हसली. पहिल्यांदा दात दिसले तिचे.

त्यानंतर मी चाचांकडे नीट बघायला लागले आणि थक्क झाले. कुठलीही मुलगी एकटी नाचायला उभी राहिली की ते तिच्या भाषेत पुटपुटायचे. भवानी पेठेतल्यांसाठी तेलुगू. व्यापाऱ्यांच्या मुलींसाठी कानडी, ओंदु, एरडु, मूरु. वेळापूरच्या पोरीसाठी मराठी, तेही तिच्यासारखं हेल काढून. आवाज नाही, नुसते ओठ. आठ मुलींची आठ वळणं त्यांना पाठ. कुठली सातला घाबरते, कुठली चक्कर घेताना मोजायचं विसरते, कुठलीचा दम कमी आहे. त्या माणसाला ना पदवी ना काही. पण शिकवणं म्हणजे काय हे मी पुण्यात नव्हे, या पत्र्याच्या खोलीत शिकले. हे मी आता म्हणते. तेव्हा तोंडावर कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी वर्ग इतका छान रुळला की माझं ओरडणंही कमी झालं. मी स्टाफरूममध्ये सांगायचे, "मी हल्ली चिडत नाही. शिकले मी राग आवरायला." सहकारी बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. पण खरंच, जीभ उचलायची वेळ यायची आणि मुलगी आपोआप सुधारायची. मला वाटलं, आता आपण मुरलेल्या शिक्षिका झालो.

दुसरं वर्ष संपता संपता समितीचं पत्र आलं आणि प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मला म्हणाले, "बाई, ते मस्टर बघणार. भूगोलाचा परिचर तबला वाजवताना दिसला तर विषय जाईल तो जाईल, त्याची जागासुद्धा रद्द होईल. आणि वर मला नोटीस."

"मग वाजवणार कोण?"

त्यांनी कपाटातून एक टेपरेकॉर्डर काढला. त्यांच्या मेहुण्याचा, मोठ्या चकत्यांचा, चांगला पेटीएवढा. "याच्यावर ठेका भरून घ्या. समितीला आधुनिकही वाटेल. त्या दिवशी चाचांनी भूगोलाच्या खोलीत नकाशे पुसत बसायचं. त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय."

ते खोटं बोलत नव्हते. शनिवारी दुपारी चाचांनी अर्धा तास एकसारखा ठेका वाजवून टेपमध्ये भरला. भरून झाल्यावर चकत्यांकडे बघत म्हणाले, "मेरी जगा पे मेरेकूच बिठा रहे, बाई." आणि हसले. मला हसू आलं नाही.

समितीचे तिघे आले. अध्यक्ष म्हणजे रसायनशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक, जाड चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. बाकी दोघे वह्या घेऊन. पत्र्याच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, पंखा आणला. तबला कोपऱ्यात हिरव्या कापडाखाली. खोलीला लागून भूगोलाची प्रयोगशाळा, मध्ये जाळीचं दार. जाळीतून मला चाचा दिसत होते. खाकी सदरा, खांद्यावर फडकं, हातात पृथ्वीचा गोल. दोन वर्षं त्या खोलीत सही करत होते, पण गोल त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला होता.

टेप लावला. सगळ्या जणींचं एकत्र काम बरं झालं. मग अध्यक्ष म्हणाले, "एकेकटीचं दाखवा." आणि बोट नेमकं तिच्याकडे केलं, आमच्या एनिमिदीकडे.

संथ लय झाली. दुगुन सुरू झाली. पहिलं आवर्तन निभावलं. दुसऱ्याला तिनं सवयीनं तबल्याच्या जागेकडे पाहिलं आणि तिथे हिरवं कापड होतं. आठ रेंगाळला. एकवर ती धावली, पण टेप कुठे थांबतो? तो आपला पुढेच. तिसऱ्या आवर्तनाला ती इतकी मागे पडली की पाय कुठे टाकावा तेच तिला कळेना. ओठ हलायचे थांबले. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, आणि चाचांचाच ठेका तिच्याभोवती वाजत राहिला. एका सभासदानं वहीत काहीतरी लिहिलं.

जाळीचं दार वाजलं.

चाचा आत आले. खांद्यावर फडकं तसंच. टेपची बटणं त्यांना कळत नव्हती, त्यांनी सरळ वायर ओढली. कोपऱ्यातलं कापड काढलं, मांडी घातली, तबला पुढे घेतला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. चाचांनी कुणाकडेच पाहिलं नाही. फक्त तिच्याकडे पाहून या वेळी मोठ्यानं म्हणाले, "ओकटि."

तिनं पाय उचलला.

त्यानंतर ती जे नाचली ते मी तिला शिकवलेलं नव्हतं. म्हणजे शिकवलेलंच होतं, पण इतकं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं. दुगुन, चौगुन, नऊ चक्करं, आणि शेवटी तोच तुकडा तीनदा घेत तिहाई थेट समेवर. त्याच वेळी गिरणीचा भोंगा झाला आणि कुणी टाळ्या वाजवल्या की नाही ते ऐकूच आलं नाही.

भोंगा थांबल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

चाचा उभे राहिले. "जी, प्रयोगशाळा परिचर. भूगोल."

"भूगोल?"

"कागज पे भूगोल, साहेब. काम ये. खोटं कायकू बोलू?"

मग मला राहवेना. मी सगळं भडाभडा सांगितलं. गिरणी, अठरा वर्षं, कायमची यादी, 'प्रयोगशाळेत बसवा' असं मीच म्हणाले होते ते. "यांना मी बाहेर काढलंय गिरणीतून. कुणाला काढायचं असेल तर मला काढा. आणि हा टेपचा उद्योग..." बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मग फुटला.

अध्यक्षांनी हात वर करून मला थांबवलं. ते त्या मुलीकडे वळले. "ठेका तर तोच होता. टेपवर का जमलं नाही तुला?"

ती मान खाली घालून उभी होती. दोन वर्षं जिनं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, ती हळूच म्हणाली, "सर, टेपला तेलुगू येत नाही."

कुणाला काही कळेना. तेवढ्यात मागून वेळापूरची बोललीच, "चाचा होट बघून वाजवत्यात सर, ज्याच्या त्याच्या भाषेत. टेपला डोळं न्हाईत की!"

अध्यक्षांना मी नीट समजावून सांगितलं, एनिमिदीपासून. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "माझ्या प्रयोगशाळेत एक परिचर आहे. परीक्षानळी कुणाच्या हातून फुटणार हे त्याला ती फुटायच्या आधी कळतं." एवढंच. चहा घेतला आणि ते गेले.

आणि मग काहीच नाही. मे गेला, जून गेला. मान्यतेचं पत्र आलं, विषय राहिला, तिसरं वर्ष सुरू झालं. पण चाचांच्या जागेबद्दल एक अक्षर नाही. प्राचार्यांनी घाबरून त्यांना मस्टरवर सही करू नका म्हणून सांगितलं. चाचा रोज येत होते, वाजवत होते, आणि कॉलेजच्या कागदांवर ते कुठेच नव्हते. गिरणीच्या यादीत त्यांच्या जागी दुसऱ्याचा नंबर लागून गेला होता. मी दर आठवड्याला प्राचार्यांच्या खोलीत जाऊन भांडत होते. चाचांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. त्यांनी मात्र एकदाही तो विषय काढला नाही. 'कायम' हा शब्द त्यांच्या तोंडून मी परत ऐकला नाही.

दिवाळीनंतर एक दिवस ते वर्ग भरायच्या आधी आले आणि माझ्यापुढे एक लिफाफा धरला. "पढो."

अध्यक्षांनी अहवालात लिहिलं होतं की नृत्य हा प्रात्यक्षिकाचा विषय असल्यानं सदर खोली ही प्रयोगशाळाच समजावी, आणि तेथे परिचर आवश्यक आहे. त्यावरून आदेश निघाला होता: प्रयोगशाळा परिचर, नृत्य. आणि त्याखाली, कायम.

मी तो शब्द तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी नुसते माझे ओठ पाहिले आणि मान डोलावली. मग खिशातून कागदात गुंडाळलेले दोन पेढे काढले. मला रडायला येत होतं, म्हणून मी बोलत सुटले.

"चाचा, दोन वर्षांत मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. मुलींसाठी तुम्ही तीन भाषा शिकलात. कमाल आहे तुमची."

"चार, बाई."

"चौथी कुठली?"

ते तबल्याची चामड्याची वादी ओढत होते. वर न बघता म्हणाले, "तुम्हारी."

"माझी?"

"गुस्सा आने के पहले तुम्हारा नीचे का होट दांत में जाता. वो दिखा की मैं लय जरा उतारता. छोकरी कू दम मिलता, पाव सही पडता, तुम्हारा गुस्सा मू मेंच रहता." आणि मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "सबसे पहले वहीच सीखा, बाई. तेलुगू बाद में."

स्टाफरूममधलं माझं बोलणं आठवलं. शिकले मी राग आवरायला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी समजत होते की हा माणूस मुलींना साथ करतोय.

मुली आल्या. घुंगरू बांधून उभ्या राहिल्या. ठेका सुरू झाला, दुगुन झाली, आणि रेल्वे क्वार्टर्समधल्या एकीचा पाय चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मला काही कळायच्या आत ठेका केसभर संथ झाला. मी चाचांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी पदर तोंडावर धरला आणि मुलींना म्हणाले, "पुन्हा एकपासून."